पिनकोडपासून चार कोटी अंकांपर्यंत: मोठी मूळ संख्या स्वतः तपासायला शिका

मोठ्या मूळ संख्यांवरचं लेखन बहुतेक वेळा कोटी कोटी अंकांच्या आकड्यापासून सुरू होतं. वाचून अचंबा वाटतो, पण वहीत उतरवून बघावं असं त्यात काही सापडत नाही आणि नवीन वाचक तिथूनच परत फिरतो. माझ्या मते सुरुवात सहा अंकी संख्येपासून करावी. ती मूळ आहे की नाही हे आपल्या हाताने ठरवावं, तिचे एकदोन गुणधर्म आपणच शोधावेत, आणि मग मोठ्या संख्येकडे वळावं. सहा अंकी संख्येवर शिकलेलं पुष्कळसं कोटीअंकी संख्येलाही जसंच्या तसं लागू पडतं. ते कसं, हे या लेखात शेवटपर्यंत करून बघू.

सहा अंकी संख्या नागपुरात शोधायला जायला नको. आपला पिनकोड आहेच. जीपीओ आणि सिव्हिल लाइन्सचा ४४०००१, मेडिकलचा ४४०००३, हनुमाननगरचा ४४०००९, सीताबर्डीचा ४४००१२, वाडीचा ४४००२३, विद्यापीठाच्या अमरावती रोडवरच्या परिसराचा ४४००३३. आपण ४४०००१ ते ४४००३७ अशा सलग ३७ संख्या घेऊ आणि त्यांत मूळ किती ते काढू.

काय काय लागेल

चौकटींची एक वही, साधा कॅल्क्युलेटर, आणि ६६१ पर्यंतच्या मूळ संख्यांची यादी. यादी इंटरनेटवर आयती मिळते, तरी पहिल्यांदा ती स्वतः करावी असा माझा आग्रह आहे. २ ते ६६१ पर्यंतचे आकडे चौकटीत लिहा. २ ठेवून त्याच्या सगळ्या पटी खोडा, मग ३ च्या, मग ५ च्या, असं २३ पर्यंत करत जा. जे उरतं ती यादी. तिच्यात बरोबर १२१ संख्या असायला हव्यात. कमी-जास्त भरल्या तर कुठेतरी खोडताना चूक झाली आहे, पुन्हा बघा. नागपूरच्या मे महिन्यात दुपारी बाहेर पडता येतच नाही. कूलरसमोर बसून करायला हे काम उत्तम.

१ या यादीत नाही, हे लक्षात ठेवा. १ ला मूळ मानलं तर एकाच संख्येचे मूळ अवयव हवे तितक्या प्रकारांनी लिहिता येतील, आणि प्रत्येक संख्येची मूळ अवयवांत फोड एकाच प्रकारे होते हा नियमच मोडेल. गणितज्ञ कापरेकरांचा प्रसिद्ध ६१७४ घ्या. त्याची फोड २ × ३ × ३ × ७ × ७ × ७ हीच, दुसरी नाही.

पहिली पायरी: डोळ्यांनी होणारी छाननी

सम संख्या गेल्या. उरल्या १९. शेवटी ५ असलेल्या चार गेल्या, उरल्या १५. आता अंकांची बेरीज करून ३ ने भाग जातो का बघा. ४४०००१ मध्ये ४ + ४ + १ = ९, म्हणजे जीपीओचा पिनकोड इथेच बाद. त्याच्यासोबत शेवटी ०७, १३, १९, ३१, ३७ असलेल्याही जातात. राहतात नऊच: ४४०००३, ४४०००९, ४४००११, ४४००१७, ४४००२१, ४४००२३, ४४००२७, ४४००२९ आणि ४४००३३.

इथपर्यंत कागदही लागत नाही. खरं काम पुढे आहे.

दुसरी पायरी: कुठे थांबायचं ते ठरवा

एखाद्या संख्येचे दोन अवयव पाडले, तर दोन्ही एकाच वेळी तिच्या वर्गमुळाहून मोठे असू शकत नाहीत, कारण मग त्यांचा गुणाकार संख्येच्या पुढे जाईल. म्हणून अवयव असेलच तर त्यातला एक वर्गमुळाच्या आत सापडतो. ६६३ चा वर्ग ४३९५६९ आणि ६६४ चा ४४०८९६. आपल्या सगळ्या संख्या या दोहोंच्या मध्ये आहेत. तेव्हा ६६३ च्या आतल्या मूळ संख्यांनी भागून बघितलं की निकाल लागला. त्यातली शेवटची मूळ संख्या ६६१, म्हणून आपली यादी तिथपर्यंत.

तिसरी पायरी: नऊ संख्या, पण भागाकार एकदाच

नऊ संख्यांना प्रत्येकी शंभरावर भागाकार करत बसलात तर कंटाळा येईल आणि चुका होतील. सगळ्यांच्या सुरुवातीला ४४०० समान आहे, त्याचा फायदा घ्या. प्रत्येक मूळ संख्येने फक्त ४४०००० ला भागा, बाकी लिहा, आणि त्या बाकीत शेवटचे दोन अंक मिळवून पूर्ण भाग जातो का बघा.

साध्या कॅल्क्युलेटरवर बाकी काढायची रीत अशी. ४४०००० भागिले १९ केलं की २३१५७.८९ असं काहीतरी येतं. दशांशापुढचं सोडा. २३१५७ × १९ = ४३९९८३. हे ४४०००० मधून वजा करा, बाकी १७. आता १७ मध्ये किती मिळवले की १९ ची पट होते? २ किंवा २१. आपल्या नऊमध्ये २१ आहे. म्हणजे ४४००२१ ला १९ ने भाग जातो, आणि १९ × २३१५९ करून बघितलं की तोच आकडा येतो.

असं करत गेलं की नऊपैकी एकेक गळते. ७ ला बाकी १ उरते, त्यामुळे ४४००२७ जाते. ११ ने ४४०००० ला पूर्णच भाग जातो, त्यामुळे ४४००११ आणि ४४००३३ दोन्ही जातात. ४४००११ तर मला फार आवडते: तिची फोड ११ × १३ × १७ × १८१ अशी होते, लागोपाठच्या तीन मूळ संख्या एकाच पिनकोडमध्ये. २९ वर ४४००१७ गळते.

त्यानंतर बराच वेळ काही होत नाही. ३१, ३७, ४१, ४३ करत शंभरी ओलांडली तरी चार संख्या तशाच उभ्या राहतात. १३१ वर ४४००२९ पडते (१३१ × ३३५९). पुन्हा शांतता. दोनशे ओलांडून २५१ ला पोचलं की ४४०००० ची बाकी २४८ येते, आणि २४८ + ३ = २५१. मेडिकलचा पिनकोड ४४०००३ म्हणजे २५१ × १७५३. इतक्या उशिरा पडणाऱ्या संख्येमुळेच कळतं की "बरेच भागाकार करून झाले, आता मूळच असेल" असं म्हणून मध्येच थांबता येत नाही.

उरल्या दोन. २५७ पासून ६६१ पर्यंतचे सगळे भागाकार पूर्ण करा. एकही लागू पडत नाही. म्हणजे ४४०००९ आणि ४४००२३ या मूळ संख्या आहेत, आणि हे आता कोणाच्या सांगण्यावरून मानायचं कारण उरलेलं नाही. हनुमाननगर आणि वाडी, दोन्हीकडच्या वाचकांचं अभिनंदन.

३७ मध्ये दोनच का? सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर ४४०००० लिहून 'एलएन' बटण दाबा, १२.९९ येईल. या आकाराच्या संख्यांमध्ये दोन मूळ संख्यांतलं सरासरी अंतर साधारण १३ असतं असा त्याचा अर्थ. संख्या मोठ्या होत जातात तसा हा अंदाज अधिकाधिक नेमका होत जातो, हे आदामार आणि द ला व्हाले-पूसँ यांनी १८९६ मध्ये, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, सिद्ध केलं. आपल्या दोन संख्या लागोपाठच्या मूळ संख्या आहेत आणि त्यांतलं अंतर १४ आहे. सरासरीच्या अगदी जवळ.

चौथी पायरी: हनुमाननगर आणि वाडी यांतला फरक

मूळ आहे हे कळलं की बहुतेक जण वही मिटतात. मला खरी गोडी इथून पुढे वाटते.

दोन्ही संख्यांना ४ ने भागून बाकी बघा. त्यासाठी शेवटचे दोन अंक पुरतात. ०९ ला बाकी १, २३ ला बाकी ३. एवढ्याशा फरकाने दोघींचे स्वभाव वेगळे होतात. ४ ने भागल्यावर १ बाकी उरणारी प्रत्येक मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येते, आणि तीही एकाच प्रकारे. ३ बाकी उरणारी कधीच लिहिता येत नाही. फर्मा यांनी सतराव्या शतकात हे मांडलं आणि ऑयलर यांनी अठराव्या शतकात त्याची सिद्धता दिली.

"कधीच नाही" हा भाग दोन ओळींत पटतो. सम संख्येच्या वर्गाला ४ ने भागलं की बाकी ०, विषम संख्येच्या वर्गाला भागलं की बाकी १. अशा दोन बाक्यांची बेरीज ०, १ किंवा २ होईल, ३ कशी होणार? त्यामुळे वाडीच्या ४४००२३ साठी दोन वर्ग शोधायला बसायचंच नाही.

हनुमाननगरच्या ४४०००९ साठी मात्र ते असलेच पाहिजेत. ते शोधायचे कसे? शेवटचा अंक बघा. वर्गांचा शेवटचा अंक ०, १, ४, ५, ६ किंवा ९ यांपैकीच असतो. दोघांची बेरीज ९ वर संपवायची तर एक ० आणि एक ९, नाहीतर एक ४ आणि एक ५. म्हणजे ज्या दोन संख्यांचे वर्ग घ्यायचे त्यांपैकी एक नक्की ५ च्या पटीतली. शिवाय ४४०००९ ला ३ ने भागलं की बाकी २ उरते, त्यामुळे त्या दोघींपैकी एकही ३ च्या पटीतली चालणार नाही. आता फक्त ५ च्या पटी घ्यायच्या, त्यातल्या ३ च्या पटी टाळायच्या, वर्ग वजा करायचा आणि उरलेला आकडा पूर्ण वर्ग आहे का बघायचं.

४७५ वर आलं की श्वास रोखला जातो. ४७५ चा वर्ग २२५६२५, तो वजा केला की उरतात २१४३८४. ४६३ चा वर्ग २१४३६९. फक्त पंधराने हुकलं. तसंच पुढे जात राहा. ६०५ चा वर्ग ३६६०२५, उरले ७३९८४. याचं वर्गमूळ दाबा: २७२, दशांशाशिवाय.

४४०००९ = ६०५ × ६०५ + २७२ × २७२.

ही जोडी सोडून दुसरी जोडी सापडणार नाही. एखादी संख्या दोन वेगवेगळ्या प्रकारांनी दोन वर्गांची बेरीज होत असेल, तर ती मूळ नाही असं खुशाल समजा. ६५ बघा: १ + ६४ आणि १६ + ४९, आणि ६५ म्हणजे ५ × १३.

पाचवी पायरी: भागाकाराशिवाय तपासणी

दहा अंकी संख्येसाठी लाखापर्यंतच्या ९५९२ मूळ संख्यांनी भागावं लागेल. शंभर अंकी संख्येसाठी ही पद्धत जगातल्या सगळ्या संगणकांनाही झेपणार नाही. तिथे दुसरा रस्ता धरावा लागतो: अवयव न शोधताच संख्या मूळ आहे का हे विचारायचं.

फर्मा यांचा छोटा सिद्धांत असं सांगतो की तपासायची विषम संख्या मूळ असेल, तर २ चा तिच्यापेक्षा एकने कमी असलेला घात घेऊन त्याला त्याच संख्येने भागल्यावर बाकी १ उरते. म्हणजे २ चा ४४०००८ वा घात घेऊन ४४०००९ ने भागला की बाकी १ यायलाच हवी. एवढा मोठा घात प्रत्यक्ष लिहायचा नसतो. वर्ग करायचा, लगेच भागून बाकी ठेवायची, पुन्हा वर्ग करायचा. आकडा कधीच हाताबाहेर जात नाही, आणि १८ वर्ग व मधून मधून दुप्पट करणं एवढ्यात ४४०००८ वा घात होतो.

बाकी १ आली नाही तर संख्या मूळ नाही, विषय संपला. बाकी १ आली तर मात्र लगेच निष्कर्ष काढू नका. ३४१ ही संख्या घ्या. २ चा दहावा घात १०२४, म्हणजे ३ × ३४१ + १, बाकी १. त्याचा ३४ वा घात घेतला की २ चा ३४० वा घात होतो, त्याचीही बाकी १. कसोटी पास! आणि ३४१ तर ११ × ३१ आहे. ५६१ याहून अवघड. २ ऐवजी तिच्याशी सहमूळ (म्हणजे १ सोडून समान अवयव नसलेला) कोणताही पाया घ्या, ती पास होते, आणि तरी ती ३ × ११ × १७ आहे. अशा फसव्या संख्या अनंत आहेत हे १९९४ मध्ये सिद्ध झालं.

यावरचा उपाय मिलर आणि राबिन यांच्या कसोटीत आहे, आणि तो समजायला ३४१ च पुरेशी आहे. मूळ संख्येने भागून बाक्या घेत असताना ज्या बाकीचा वर्ग १ येतो अशा बाक्या दोनच असतात: १, आणि संख्येपेक्षा एकने कमी असलेली. तिसरी सापडली तर ती संख्या मूळ नाही. म्हणून थेट ३४० व्या घाताकडे जायचं नाही. ३४० ला जमेल तितक्या वेळा निम्मं करा: १७०, मग ८५. आधी २ चा ८५ वा घात बघा. दहाव्या घाताची बाकी १ असल्यामुळे ८५ व्याची बाकी पाचव्या घाताइतकीच, म्हणजे ३२. वर्ग केला: १०२४, बाकी १. म्हणजे ३२ चा वर्ग १ झाला, आणि ३२ ही १ नाही आणि ३४० ही नाही. ३४१ पकडली गेली. गंमत अशी की अवयवही इथेच दिसतात: ३२ च्या अलीकडे ३१ आणि पलीकडे ३३. पहिल्यात ३१ आहे, दुसऱ्यात ११.

मूळ नसलेली विषम संख्या या कसोटीत जास्तीत जास्त चारातल्या एका पायाला फसवू शकते. मनाला येतील ते वीस पाये घेऊन तपासलं, तर सगळ्यांना फसवून निसटण्याची शक्यता लाख कोटीत एकाहून कमी. लहान संख्यांसाठी तर शक्यतेची भाषाही नको. २, ३, ५, ७ आणि ११ हे पाचच पाये दोन लाख कोटींच्या आतल्या प्रत्येक संख्येचा पक्का निकाल देतात.

संगणकावर करायचं असेल तर पायथन ही प्रोग्रामिंग भाषा पुरेशी आहे. तिच्यात 'पॉव' नावाचं फंक्शन आहे. कंसात स्वल्पविराम देऊन तीन संख्या लिहा: पाया, घात आणि भाजक. तिसरी संख्या विसरू नका. ती नसली तर संगणक आधी पूर्ण घात काढायला बसतो आणि मशीन अडकतं.

बँकेच्या वेबसाइटची गुप्तता सांभाळणाऱ्या आरएसए पद्धतीत साधारण ३०९ अंकी दोन मूळ संख्या लागतात. त्या याच रीतीने मिळवतात: एक विषम संख्या उचलायची, कसोटी लावायची, नापास झाली की दुसरी घ्यायची. त्या आकाराला मूळ संख्यांतलं सरासरी अंतर ७१० च्या आसपास, सम संख्या वगळल्या तर सरासरी ३५५ प्रयत्नांत एक हाती लागते. संगणकाला हे किरकोळ काम आहे.

कसोटी आणि सिद्धता यांत मी नेहमी फरक करतो, तुम्हीही करा. बहुतेक मूळ असणं आणि सिद्ध झालेली मूळ असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोणत्याही संख्येचा पक्का निकाल वाजवी वेळात लावता येतो हे २००२ मध्ये आयआयटी कानपूरचे मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी दाखवलं. रोजच्या वापरात त्यांच्या पद्धतीपेक्षा वेगवान पद्धती आहेत, पण तो सैद्धांतिक प्रश्न त्या तिघांनी कायमचा मिटवला.

सहावी पायरी: चार कोटी अंकांची संख्या

सध्या माहीत असलेली सर्वांत मोठी मूळ संख्या म्हणजे २ चा १३६२७९८४१ वा घात उणे १. २ च्या घातातून १ वजा करून मिळणाऱ्या अशा मूळ संख्यांना मर्सेन मूळ संख्या म्हणतात. ही माहीत असलेल्यांपैकी बावन्नावी. ल्यूक ड्युरंट यांनी 'जिम्प्स' या स्वयंसेवकांच्या प्रकल्पातून ती शोधली. ११ ऑक्टोबर २०२४ ला डब्लिनमधल्या एका ग्राफिक्स चिपवर फर्माच्या धर्तीच्या कसोटीत ती "बहुतेक मूळ" ठरली. दुसऱ्या दिवशी टेक्सासमधल्या दुसऱ्या चिपवर तिची सिद्धता पूर्ण झाली, आणि २१ ऑक्टोबरला घोषणा झाली. आधी कसोटी, मग सिद्धता, हा क्रम तिथेही तोच.

सिद्धता ज्या पद्धतीने झाली ती ल्यूका-लेमर कसोटी आपण वहीत करू शकतो. २ चा सातवा घात उणे १, म्हणजे १२७ घ्या. ४ पासून सुरुवात करा. प्रत्येक वेळी वर्ग करून २ वजा करा आणि १२७ ने भागून बाकी ठेवा. ४ वरून १४. मग १९४, बाकी ६७. मग ४४८७, बाकी ४२. मग १७६२, बाकी १११. मग १२३१९, आणि १२७ × ९७ = १२३१९, बाकी ०. घातापेक्षा दोनने कमी, म्हणजे पाच वेळा केल्यावर शून्य आलं की संख्या मूळ, नाहीतर नाही. इथे "बहुतेक" नाही. अकरावा घात घेऊन २०४७ वर हेच नऊ वेळा करा, शेवटी १७३६ उरेल, शून्य नाही. २०४७ म्हणजे २३ × ८९. हे दोन्ही अवयव ११ च्या दुपटीच्या, म्हणजे २२ च्या पटीपेक्षा एकने जास्त आहेत (२२ + १, ८८ + १), आणि घात विषम मूळ संख्या असेल तर मर्सेनच्या प्रकारातल्या संख्यांचे अवयव नेहमी असेच असतात. १८७६ मध्ये ल्यूका यांनी संगणक नसताना १२७ व्या घाताची ३९ अंकी संख्या मूळ असल्याचं दाखवलं, आणि १९५१ पर्यंत तिच्याहून मोठी कोणाला सापडली नाही.

चार कोटी अंक न बघताही या संख्येबद्दल पुष्कळ सांगता येतं. आधी अंक किती ते काढू. घाताला ०.३०१०२९९९५७ ने (हा २ चा १० पायाचा लॉगॅरिदम) गुणा, पूर्णांक घ्या आणि १ मिळवा: ४१०२४३२०. इथे पाठ्यपुस्तकातला ०.३०१०३ वापरू नका. घात इतका मोठा आहे की त्या बारीकशा फरकाने उत्तर एका अंकाने चुकतं.

मग शेवटचे दोन अंक. २ च्या घातांचे शेवटचे दोन अंक ०४, ०८, १६, ३२ असे जात वीस पायऱ्यांनी पुन्हा ०४ वर येतात. १३६२७९८४१ ला २० ने भागलं की बाकी १, म्हणजे २१ व्या घाताचं उत्तर इथेही चालेल. २ चा २१ वा घात २०९७१५२. शेवटी ५२, त्यातून १ गेला, ५१. जगातली सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या ५१ वर संपते, आणि हे आपण अर्ध्या पानावर काढलं.

आता ५१ ला ४ ने भागा. बाकी ३. म्हणजे तिच्यासाठीही दोन वर्ग कधी सापडणार नाहीत. ती वाडीच्या ४४००२३ च्या गटातली आहे, हनुमाननगरच्या नाही. ३ पासून पुढच्या सगळ्या मर्सेन मूळ संख्या याच गटात येतात, कारण ४ च्या पटीतून १ गेला की बाकी ३ च उरते.

सरावासाठी

जिल्ह्यातले पिनकोड घ्या. उमरेडचा ४४१२०३ आणि कामठीचा ४४१००१ लवकर निकालात निघतील. सावनेरच्या ४४११०७ ला वेळ ठेवून बसा. १९९ पर्यंतच्या एकाही मूळ संख्येने त्याला भाग जात नाही, तिथून पुढचं तुम्ही करायचं. या तिन्ही संख्यांचं वर्गमूळ ६६४ आणि ६६५ च्या मध्ये येतं, म्हणून ६६१ पर्यंतची तीच यादी इथेही पुरते.

त्यानंतर मोबाइल नंबर. दहा अंकी आहे, म्हणजे २, ३, ५, ७, ११ हे पाच पाये पक्का निकाल देतील. तपासणी आपल्याच संगणकावर करा. अनोळखी वेबसाइटवर नंबर टाकायची गरज नाही. मूळ निघाला तर शेवटचे दोन अंक ४ ने भागून बघा, आणि बाकी १ आली तर दोन वर्गांची जोडी शोधायला लागा.